देवभाताचं जांभळं लुगडं

अनशीकाकी मला पहिल्यांदा भेटली तेव्हा तिने माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, पाणीसुद्धा विचारलं नाही. कमरेला विळा खोचून ती मळ्याच्या बांधावर उभी होती आणि पायाशी पाण्याने भरलेली कळशी होती. "पाय धुवा," ती म्हणाली, "आनि पाटलोनीच्या घड्या उलट्या करून झटका."

मी तेव्हा चोवीस वर्षांचा. साताऱ्याकडचा, हातात शेतकीची ताजी पदविका आणि अंगावर खाली घड्या घातलेली नवी कोरी पँट. रत्नागिरी तालुक्यात कृषी सहायक म्हणून रुजू होऊन आठवडाही झाला नव्हता. असली आज्ञा ऐकून घ्यायची मला सवय नव्हती, पण बाई वाटेतून हलेना. शेवटी घड्या उलटल्या. त्यांतून भाताचे सात-आठ दाणे पडले. तिने ते तळहातावर घेऊन एकेक निरखला. "ह्यो खालच्या वाडीतला. ह्यो सरपंचाच्या मळ्यातला. आनि ह्यो कुसळवाला तर तळ्याकाठचा. सायेब, अख्ख्या गावाचं बी पायात घेऊन फिरताव आनि आमाला शेती शिकवताव?" मी घड्या झटकून तिच्या मागे मळ्यात उतरलो. पुढची सहा वर्षं तिच्या बांधावर मी हे न सांगता करत गेलो.

गाव काजळी नदीच्या काठचं. नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं अजून मला ओळखतात आणि त्यांचा राग दांडगा आहे. काकीचे यजमान मुंबईला गोदीत होते. गणपतीला आणि शिमग्याला यायचे, चार दिवस पाहुण्यासारखे राहायचे आणि बायकोच्या हुकमाने पाय धुऊन मळ्यात उतरायचे. बाकी वर्षभर शेत तिचं, गुरं तिची आणि भांडणंही तिचीच. काळीसावळी, काटक, दातांना मिश्री, आणि नजर अशी की समोरच्याला आपलं काहीतरी चुकलंय असं आपोआप वाटावं. गावात कोणी काही नवं आणलं, मग ते खत असो, फवारणीचा पंप असो की मुंबईहून आलेला प्लास्टिकचा माठ, ती एकच विचारायची: "बिघाडलं तर निस्तरनार कोन?"

ती नव्याच्या विरुद्ध होती, असं गावातले लोक म्हणत. साफ खोटं. मी आणलेलं नवं बुटकं भात तिने पहिल्याच वर्षी घेतलं. फक्त एका कुणग्यात पेरलं, कुणगा म्हणजे चार हात रुंदीचा शेताचा तुकडा. त्याचा तरवा, म्हणजे लावणीची रोपं, वेगळा, मळणी वेगळी, झोडायची फळीसुद्धा वेगळी. तीन वर्षं तिने ते नुसतं पाहिलं. कीड कुठली लागते, वाऱ्याने लोळतं का, भात शिजल्यावर संध्याकाळपर्यंत मऊ राहतो का. चौथ्या वर्षी अर्धा मळा त्याला दिला, पण जुन्या बियाण्याचे पेंढ्यात आवळून बांधलेले मुडे माळ्यावर तसेच राहिले. दर वर्षी त्यांतलं थोडं पेरून ती बी ताजं करत असे. माझ्या अहवालात मात्र तिचं नाव 'प्रतिसाद न देणारे शेतकरी' या यादीत होतं. ती यादी मीच केली होती.

हा सोवळेपणा कुठून आला, हे तिने मला एका भाद्रपदात सांगितलं. आम्ही गावच्या तळ्याकाठी उभे होतो. तिथे पाण्यात देवभात उगवतं. ते कोणी पेरत नाही, राखत नाही. नांगर न लावता येतं म्हणून बायका ऋषिपंचमीला त्याचे तांदूळ खातात आणि म्हणून तळ्यावरचं कोणी मारतही नाही. पण हेच देवभात मळ्यात शिरलं की चोर. लहानपणी ते हुबेहूब भातासारखं दिसतं, बेणताना, म्हणजे तण उपटताना, कळत नाही. आणि कापणीच्या आधी आठ दिवस त्याचे दाणे झडून चिखलात जातात. तुम्हाला पेंढा मिळतो आणि त्याला पुढचं साल मिळतं.

"माजा सासरा हुशार मानूस," काकी सांगू लागली. "घाटावरच्या सोयऱ्याकडनं जांभळ्या पानाचं भात आनलान. म्हनाला, आपलं जांभळं, चोर हिरवा. हिरवं दिसंल ते उपटा. मी नवी नवरी. आमी सगळ्या बायका नाचलाव. बेननी म्हंजे खेळ झाला. साऱ्या गावानं तेच पेरलान, जुनं बी खाऊन टाकलान."

"मग?"

"तीन सालं सोन्याची गेली. चवथ्या साली मळा कसा, एकसारका जांभळा. एक हिरवी काडी नाय. आमी खूश. आनि दसऱ्याला लोंब्या भायेर पडल्या त्या कुसळाच्या! निम्मा मळा चिखलात झडला. देवभातानं पन जांभळं लुगडं नेसलान, बाबा."

मी पुस्तकात वाचलेलं सगळं मनात चाळून पाहिलं. भाताचा परागकण फार लांब जात नाही, भात बहुधा आपल्या आपणच फळतं, संकर क्वचित होतो. हे सगळं बरोबर होतं. पण पुढचं वाक्य पुस्तकात नव्हतं, ते तिने सांगितलं. "शंभर चोरांत एकानंच ते लुगडं नेसलं आसंल. पन नव्व्यान्नव आमी उपटलाव, आनि तो एक आमीच आमच्या हातानं राखला. चोराला सावाचं कापड आमीच शिवलाव."

गावात जुनं बी कोणाकडेच उरलं नव्हतं. ती माहेरी चालत गेली आणि डोक्यावर एक मुडा घेऊन आली. मळा पुन्हा स्वच्छ होईपर्यंत तिच्या थोरल्या मुलीचं लग्नही होऊन गेलं. तळ्याच्या एका कोपऱ्यात जांभळ्या देवभाताचं एक बेट तिने अजून ठेवलं होतं. त्याभोवती काट्या रोवलेल्या, आणि दाणे झडायच्या आत ती स्वतः लोंब्या कापून न्यायची. कशाला ठेवलंय, विचारलं तर म्हणाली, "साक्षीदार हाय."

साक्षीदाराची गरज माझ्या तिथल्या शेवटच्या वर्षी पडली. रत्नागिरीत एका सभागृहात शेतकऱ्यांचा मेळावा भरला. परदेशात शिकून आलेले एक डॉक्टर भाषणाला होते. डॉक्टर म्हणजे शास्त्रज्ञ. माणूस सज्जन, आवाज गोड, आणि रत्नागिरीच्या उकाड्यात अंगावर कोट. त्यांनी सांगितलं की आता जिवाणूतला एखादा गुण काढून पिकात घालता येतो. अजून दहा-पंधरा वर्षांत असं भात येईल की अख्ख्या शेतावर औषध फवारा, तण मरेल आणि भात डौलात उभं राहील. बेणणी संपली. सभागृहात टाळ्या पडल्या. आमच्या सरपंचांनी उठून जाहीर केलं की ते बियाणं येईल तेव्हा पहिला प्रयोग आमच्याच मळ्यात व्हावा, गाव एकमताने तयार आहे. त्याबदल्यात मळ्याला पंप देण्याचं कोणीतरी कबूल केलं होतं. प्रयोगाच्या गावांची यादी तिथेच लिहायला घेतली. मळा होता तळ्याला लागून.

"डॉक्टर," मागून अनशीकाकीचा आवाज आला, "देवभात तन की भात?"

डॉक्टर हसले. "तण. पण भाताचा जंगली नातेवाईक."

"नातेवाईक म्हंजे लगीन जुळतं."

सभागृह हसलं. माझे वरिष्ठ माझ्या कानाशी कुजबुजले, "तुमच्या गावची ना? बसवा तिला." आणि मी उठलो. मी, ज्याला तिने सहा वर्षं शेती शिकवली होती, तो तिच्या मागे जाऊन तिच्या पिशवीचा बंद ओढू लागलो, "काकी, बसा ना, नंतर बोलू." त्याची मला आजही लाज वाटते. तिने मागे वळूनही पाहिलं नाही. "पिशवी सोडा सायेब," ती म्हणाली, "साक्षीदार हाय आत."

डॉक्टर समजावत होते की भात आपल्या आपणच फळतं, परका संकर अगदी क्वचित. "क्वचितच पुरं हाय," काकी म्हणाली, "बाकीची तुमचं औषध मारनार, आनि ती क्वचित तेवडी राखनार. मंग त्या चोराला कशानं मारू?" आणि तिने मेणकापडाच्या पिशवीतून मुळांसकट उपटलेला एक ठोंब काढला. जांभळी पानं, लांब कुसळं. टेबलावरच्या पांढऱ्या चादरीवर तो एकदाच आपटला. टपटप दाणे पडले.

हसू थांबलं. तिने तिथेच उभ्या उभ्या सासऱ्याची गोष्ट सांगितली आणि मग डॉक्टरांना बजावलं, "आना तुमचं बी. नको म्हनत नाय. पन तळ्याकाठी नको, डोंगरापल्याड कातळावर आना, जितं देवभात उगवत नाय. आदी एक कुनगा, भोवती मोकळी जागा. कापनी झाल्यावर दोन-तीन सालं तितं जे उगवंल ते उपटायला मानूस ठेवा. जुनं बी गावात राखू द्या, सगळ्यांचं एकदम बदलू नका. आनि बिघाडलं तर निस्तरनार कोन, त्याचं नाव आनि सही आदी कागदावर करा. सरकार निस्तरंल म्हनू नका. सरकारला कमरंत वाकून बेनता येत नाय."

डॉक्टर खाली उतरले. ठोंब हातात घेऊन त्यांनी पानं उलटसुलट पाहिली, दाणा दातांखाली फोडून आतला लाल तांदूळ पाहिला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हे मला ठाऊक नव्हतं." परदेशी शिकलेल्या माणसाच्या तोंडून हे चार शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होतो, आणि त्यांच्याबद्दल मला आदर वाटला. त्यांनी विचारलं, ते बेट बघायला येऊ का? काकी म्हणाली, "या. पाय धुवून या."

आमच्या गावाचं नाव त्यांनी स्वतः यादीतून काढलं. पंप गेला. आणि गावाने काकीला वाळीत टाकलं नाही, पण वाळीत टाकल्यासारखंच केलं. आमच्याकडे लावणीला बायका एकमेकींच्या शेतात जातात, आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे. पुढच्या पावसाळ्यात तिच्या मळ्यात कोणी आलं नाही. पन्नाशी उलटलेली बाई एकटी वाकून लावणी करत होती. मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उतरलो, अर्थात पाय धुऊन, आणि इतकी वाकडी लावणी केली की तिने ती सगळी उपटून पुन्हा लावली. सभागृहातल्या प्रकाराची माफी मागायची म्हणून मी घसा खाकरला, तेवढ्यात ती म्हणाली, "तरवा खोल नको. दोन बोटं."

"काकी, गाव बोलत नाही तुमच्याशी. पंप गेला. वाईट नाही वाटत?"

"वाटतं ना," ती सरळ म्हणाली. "रडत्ये पन कवा कवा. पन मळा सवच्छ हाय."

महिनाभरात माझी बदली झाली. निरोप घ्यायला गेलो तेव्हा बांधावर पुन्हा कळशी होती. मी म्हटलं, काकी, आता तर मी चाललो. ती म्हणाली, "जाताना पन धुवायचे. आमचं तुमच्याकडं कशाला?" तिने स्वतः पाणी ओतलं. ती गेल्याचं मला बऱ्याच वर्षांनी कळलं, तेही एसटीत भेटलेल्या कोणाकडून. मुडे सून राखते, असंही कळलं. मी खिडकीकडे तोंड करून रडलो.

निवृत्तीला वर्ष उरलं असताना माझ्याकडे एक काम आलं. मेळाव्यात डॉक्टरांनी जे येईल म्हणून सांगितलं होतं, तसल्या बियाण्याच्या चाचणीसाठी जागेची पाहणी. दुसराच जिल्हा, दुसरेच लोक. फॉर्मवर एक रकाना होता: 'परिसरात पिकाचे जंगली नातेवाईक आहेत काय?' जीपमधून उतरताच बरोबरचे साहेब म्हणाले, "नाही लिहून टाका, वरून सगळं ठरलंय." मी शेताच्या पलीकडे ओहोळापर्यंत चालत गेलो. पाण्याच्या कडेला कुसळं वाऱ्यावर हलत होती. मी एक लोंबी हातात धरली. दाणे तळहातावरच झडले.

मी रकान्यात 'आहेत' असं लिहिलं आणि खाली समासात लिहिलं: 'बिघडल्यास निस्तरणार कोण? नाव व सही.' साहेबांनी विचारलं, ही कुठली सरकारी भाषा? मी म्हटलं, ज्यांनी मला शेती शिकवली त्यांची. मग ओहोळात पाय धुतले आणि बांधावर बसून पँटच्या घड्या झटकू लागलो. साहेब जीपचा हॉर्न वाजवत राहिले.

फॉर्म दुरुस्तीसाठी तीनदा परत आला. तिन्ही वेळा मी 'आहेत' असंच लिहिलं. समासातल्या प्रश्नापुढे सहीसाठी मी जागा सोडली होती. माझ्या निवृत्तीच्या दिवसापर्यंत तिथे कोणी सही केली नाही, आणि तोपर्यंत त्या शेतात ते बी पडलं नाही.