सुमनकाकूचा उलटा हात

हे मी कोणालेच सांगितलं नाही. बायकोलेही नाही. आज तुले सांगून टाकतो — पण आधी थोडं मिरवू दे, कारण वस्तू खरंच झकास जमली आहे बे.

जानेफळात आमच्या वांग्याच्या वावरात माझं यंत्र उभं आहे. भरदुपारी ते पान किती तापलं ते मोजते, आजूबाजूच्या हवेशी ताडून पाह्यते, आन् झाड तहानलेलं असन तर मोबाइलवर निरोप धाडते — पाणी द्या. पह्यला निरोप आला तवा मी चपला हातात घेऊन बांधावर नाचलो होतो. आजही निरोप आला की तेवढाच आनंद होते.

हे सुचलं कसं? कॉलेजच्या स्पर्धेत परीक्षकांनी हेच विचारलं. मी म्हटलं — लहानपणी तापानं फणफणलो होतो, कपाळाले हात लावला, आन् वाटलं, झाडालेही ताप येत असन. हॉलभर टाळ्या. पेपरात फोटो.

तसं काही सुचलंच नव्हतं. ताप काय, सगळ्यायलेच येते. पण यंत्र त्यातून नाही निघालं — ते निघालं सुमनकाकूच्या हातातून.

काकूनं मले वाढवलं. रोज दुपारी ती वांग्यात जाते, उलटा हात आधी आपल्या गालाले लावते, मंग पानाले. पान थंड लागलं तर म्हणते, "पिऊन राह्यलं, राहू दे." गरम लागलं की मोटर सुरू. मी काय केलं? गालाच्या जागी हवेचा सेन्सर लावला, हाताच्या जागी पानाचा. बस.

मंग काऊन लपवलं? तिचं नाव घेतलं तर माझं काय उरते, हे भेव होतं. आन् खरं सांगू? त्या एसी हॉलात, त्या इंग्रजी बोलणाऱ्यांपुढं, मले काकूची लाज वाटली.

तिले याचा पत्ताच नाही. हात लावून पाह्यणं ही काय अक्कल झाली, असं तिले वाटते. शेजारच्या पोरीकडून तिनं पेपर वाचून घेतला, आन् माझी तापाची गोष्ट खरी मानली.

परवा कॉलेजची पोरं यंत्र पाह्यले आली. काकू बांधावर उभी राहून त्यायले सांगत होती, "लय ताप होता हो याले. मीच पट्ट्या ठेवत होती कपाळावर. तवाच सुचलं माह्या लेकराले." चेहरा नुसता फुललेला. मंग माझ्याकडं वळून म्हणे, "होय ना रे?"

मी म्हटलं, "हाव, काकू."