एक जूनचा जुळा

२०२५ साल. एक जूनला मी कागदाप्रमाणे बहात्तर वर्षं पुरी केली. खरा जन्म कधीचा ते फक्त आईला ठाऊक होतं. ती म्हणायची, भुईमूग उपटायला आला होता तेव्हा. शाळेत नाव घालताना बापाला तारीख सांगता आली नाही, म्हणून गुरुजींनी एक जून लिहून टाकली. शाळा जूनला उघडते आणि पोराला सहा वर्षं भरलेली पाहिजेत, एवढाच त्यांचा विचार. आमच्या वयाची अशी एक जूनची माणसं गावोगाव सापडतील. मी दिंडोरीच्या पलीकडच्या खेड्यातला आणि उस्मान घोटीचा, पण त्याच्या गुरुजींनीही तेच केलं होतं. नाशकात त्याच्या टेलरिंगच्या दुकानाचा ओटा मी बांधायला घेतला, तेव्हा बोलता बोलता हे निघालं. उस्मान मशीन थांबवून म्हणाला, "म्हणजे आपण जुळे की रे, मिस्त्री!" तेव्हापासून तीस वर्षं दर एक जूनला त्याच्या दुकानात दोन मलई कुल्फ्या यायच्या. यंदा मी एकटाच होतो. उस्मान मे महिन्यात गेला. मला कळलं ते कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडून, आणि त्याआधी अकरा महिने मी त्याच्याशी एक शब्दही बोललो नव्हतो.

माझं शिक्षण चौथीपर्यंत आणि उस्मानचं सातवीपर्यंत. पण दोघंही कामात कुणाला हार जाणारे नव्हतो. मी बांधलेली भिंत ओळंब्याला केसभर हलली असेल तर कुणीही दाखवावी. उस्मानकडे कॉलेजवाले पदवीदानाचे काळे गाऊन शिवायला टाकायचे. दरवर्षी त्याचं दुकान काळ्या कापडानं भरून जायचं. गाऊन शिवून झाला की तो स्वतःच्या अंगावर चढवून आरशात बघायचा आणि म्हणायचा, "खांदा बरोबर बसतो का ते बघतोय." मी म्हणायचो, "तुझा खांदा बघून काय उपयोग? घालणारा वेगळाच हाय." तो हसायचा आणि गाऊन उतरवून ठेवायचा. ते हसणं मला तेव्हा समजलं नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत कुणी तरी उंची कमी करायला टाकलेल्या पँटच्या खिशात त्याला एक घडी घातलेलं माहितीपत्रक सापडलं. मुक्त विद्यापीठाचं होतं. चष्मा लावून त्यानं ते मला दोनदा वाचून दाखवलं. बारावी झालेली नसली तरी बीएला बसता येतं. वय अठरा पूर्ण पाहिजे, लिहिता-वाचता आलं पाहिजे, आधी एक पूर्वतयारीचा अभ्यासक्रम करायचा, त्याची परीक्षा पास व्हायची, मग प्रवेश. सोबत वयाचा पुरावा म्हणून शाळा सोडल्याचा दाखला. उस्मान म्हणाला, "अठरा तर आपली चारदा होत आली, मिस्त्री. चल, दोघं बसू." मी म्हणालो, "येडा झाला का? मसणात जायच्या वयाला बीए?" तो म्हणाला, "तिथं जायला तरी कुठं काय अट आहे? इथं अट आहे, म्हणून तर मजा आहे."

त्याच्या या बोलण्यानं मी तयार झालो. बायको जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगा पुण्याला, संध्याकाळ घरात काढणं कठीण व्हायचं... ती संध्याकाळ आता उस्मानच्या दुकानात जायला लागली. कापायच्या टेबलावर काळं कापड अंथरलेलं असायचं, त्यावर उस्मान शिंप्याच्या खडूनं गणितं घालायचा, मी सोडवायचो आणि तो हातानं झटकून पुसायचा. कापडाला काही व्हायचं नाही. तेराचा पाढा मला लहानपणापासून छळतो. तेरा सक अठ्ठ्याहत्तरपर्यंत मी झपाझप जायचो आणि सातवर अडायचो. उस्मान मशीनवरून मान न वळवता म्हणायचा, "एक्क्याण्णव रे, एक्क्याण्णव. भिंतीच्या विटा मोजताना नाही अडत कधी?"

आता जे लिहायचं ते लिहायला मला तीन दिवस लागले. मी शाळा का सोडली याची एक गोष्ट मी आयुष्यभर सांगत आलो होतो. बायकोला सांगितली, मुलाला सांगितली, हाताखालच्या गड्यांना सांगितली आणि उस्मानला तर दहादा सांगितली. ती अशी, की बापानं मला चौथीतून ओढून चुना कालवायला लावलं, आणि गुरुजी घरी येऊन हात जोडून म्हणाले, पोरगं हुशार आहे, नका काढू. ऐकणारा हळहळायचा आणि मला बरं वाटायचं.

गेल्या जूनमध्ये आम्ही दोघं एसटीनं माझ्या गावच्या शाळेत दाखला आणायला गेलो. तिथल्या मुख्याध्यापक बाई तरुण होत्या. त्यांनी जुनं रजिस्टर कपाटातून काढलं, धूळ झटकली, माझं नाव शोधलं, दाखला लिहिला आणि माझी सही घेतली. माझा चष्मा घरी राहिला होता, म्हणून उस्माननं कागद हातात घेऊन मोठ्यानं वाचला. जन्मतारीख एक जून. मग पुढं वाचत गेला, "शाळा सोडण्याचे कारण... सतत गैरहजर." आणि खो खो हसला. "अरे मिस्त्री, तू तर पळपुटा निघालास! आणि ते गुरुजी हात जोडून आलेले, ते कुठं गेले?" बाईही हसल्या. मी म्हणालो, "रजिस्टर चुकलंय." बाई म्हणाल्या, "बाबा, गुरुजींच्या हाताची नोंद आहे, आम्हाला ती बदलता येत नाही." मी कागद तिथंच सोडून बाहेर पडलो. उस्मान मागून हाका मारत होता. मी मिळाली त्या जीपमध्ये बसलो आणि एकटाच नाशकात आलो.

रजिस्टर चुकलेलं नव्हतं. तेराच्या पाढ्याला गुरुजींनी सर्वांसमोर मला बाकावर उभं केलं, त्यानंतर मी शाळेत गेलोच नाही. दप्तर घेऊन घरून निघायचो आणि गवंड्यांच्या चुना दळायच्या घाणीजवळ बसून राहायचो. बापाला कळलं तेव्हा तो मला हाताला धरून दोनदा शाळेत सोडून आला. दोन्ही वेळा मी पळालो. तिसऱ्यांदा त्यानं हात धरला नाही, नुसता बघत राहिला. त्या माणसावर मी साठ वर्षं खोटा आळ घातला. हे छापून आलं, तर येऊ द्या.

उस्माननं निरोप पाठवले. फॉर्मची मुदत संपत आली, ये. मी गेलो नाही. त्यानं एकट्यानंच फॉर्म भरला. पुढं हिवाळ्यात एकदा मी खिडकीतून त्याला आमच्या गल्लीच्या तोंडाशी बघितलं. हातात पिशवी होती. तो माझ्या दाराकडं बघत उभा होता. मी खिडकीतून मागं सरलो. थोड्या वेळानं बघितलं तर तो निघून गेला होता.

मयतीला मी गेलो. मूठभर माती मीही दिली, पण माणसांच्या मागं उभा राहून. त्याच्या जवळ जायचा हक्क मीच घालवला होता.

यंदाच्या एक जूनला मला घरात राहवेना. दुकान उघडं होतं. उस्मानचा मुलगा सलीम मशीनवर होता. मला बघून उठला आणि काही न विचारता स्टूल पुढं केलं. म्हणाला, "चाचा, अब्बा पास झाले होते. निकाल लागला आणि आठच दिवसांनी गेले. आता जुलैत बीएचा फॉर्म भरणार होते." मग म्हणाला, "निकाल सांगायला तुमच्या गल्लीपर्यंत गेले आणि परत आले. त्याआधीही एकदा गेले होते. मी म्हटलं, दार तरी वाजवा. तर म्हणाले, हसलो मी, माफी मलाच मागायची आहे, पण तो दार लावून घेईल... ते मला नाही सोसायचं."

मग त्यानं टेबलाच्या खणातून एक पुडकं काढून दिलं. गाऊनच्या काळ्या कापडाचा तुकडा होता. त्यात नीट घडी घातलेला माझा दाखला होता. मी शाळेत टाकून आलेला तो कागद उस्माननं सोबत आणला होता आणि वर्षभर जपला होता. कापडावर खडूनं तेराचा पाढा लिहिलेला होता. तेरा एके तेरा, तेरा दुणे सव्वीस, असा खाली तेरा सक अठ्ठ्याहत्तरपर्यंत. त्याखाली तेरा साते लिहून पुढची जागा मोकळी सोडली होती. हात लावला की खडू उडेल म्हणून मी पुडकं तसंच छातीशी धरून घरी आणलं. वाटेत कुल्फीवाला होता. मी थांबलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला मी मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्राच्या पायरीवर जाऊन बसलो. साडेदहाला कार्यालय उघडलं. टेबलामागचा क्लार्क म्हणाला, "फॉर्म अजून सुरू व्हायचेत, बाबा. पण कागद दाखवा, बघून ठेवतो." मी दाखला पुढं केला आणि त्या रकान्यावर स्वतःहून बोट ठेवलं. म्हणालो, "हे खरं हाय. बापानं काढलं नव्हतं, मीच पळालो होतो." त्यानं माझ्याकडं बघितलं, मग कागदाकडं. "बाबा, आम्हाला फक्त जन्मतारीख लागते. ते कारण कोणी वाचत पण नाही." आणि त्यानं दाखला परत दिला.

बाहेर दोन माणसांचं बाकडं होतं. मी एका कडेला बसलो, दुसरी बाजू मोकळी ठेवली. पिशवीतून काळं कापड काढून मांडीवर पसरलं. सलीमकडून मागून आणलेला खडूचा तुकडा खिशात होता. तेरा साते. मी अडलो. सवयीनं मान वळवून बाजूला बघितलं... मग माझं मीच लिहिलं, एक्क्याण्णव.