कंडक्टरांच्या कानातलं मशीन

दोन हजार तेवीस साल, मला एकाहत्तरावं चालू होतं. देवासला आम्हा मराठी लोकांच्या गणपतीत बुद्धिबळाची स्पर्धा होते, आणि तिथे मी सहसा कुणाला जिंकू देत नाही. शाळा चौथीपर्यंत, जन्म गेला कारखान्यात फिटर म्हणून, पण पटावर वकील-मास्तर माझ्यासमोर घाम पुसतात. खोटं वाटत असेल त्याने येऊन बसावं.

त्या वर्षी सेमीफायनलला मला धारच्या कंडक्टरांनी हरवलं. आयुष्यभर धार-धामनोद बसवर होते, इंजिनाच्या आवाजात कान गेले, म्हातारपणी देवासला मुलाकडे आले. आधी ते कुणाकडूनही हरायचे. मग मुलाने कानाचं नवं मशीन आणून दिलं आणि हे जिंकायलाच लागले.

मंडळाचे सेक्रेटरी माझ्या कानाशी लागले. "काका, ते मशीन मोबाइलला जोडलेलं असतं. मुलगा कॉम्प्युटरवर बघून चाली सांगतो. तुम्ही फक्त तक्रार करा."

"घरी बसून त्याला पट कसा दिसतो?"

"कुणीतरी फोटो पाठवत असेल."

"कोण?"

"आता ते बघावं लागेल."

ऐकायला गोड वाटलं, नाही कशाला म्हणू? त्यांनी लबाडी केली असेल तर मी हरलोच नव्हतो. पण म्हटलं, आधी बघा, मग माझी तक्रार घ्या.

बघितलं कुणीच नाही. ठरलं असं की मशीन काढून त्यांनी माझ्याशी पुन्हा एक डाव खेळायचा. हरले तर नाव बाद. कंडक्टर हसले. माळव्यात भावाला भिया म्हणतात, तसंच म्हणाले, "काढतो की. पण मग माझ्याशी ओरडून बोला भिया!" सेक्रेटरींनी मशीन रुमालात असं गुंडाळलं, जणू विंचू धरलाय.

डाव बराच वेळ सारखा चालला. मग माझा हत्ती मोकळा झाला आणि मी "शह" म्हणालो, नेहमीच्या आवाजात. आमच्यात शह तोंडाने द्यायचा, आणि तो न मोडता दुसरी चाल केली की डाव गेला. कंडक्टरांनी शांतपणे उंट उचलून भलतीकडे ठेवला.

टाळ्या पडल्या. ते एकेकाच्या तोंडाकडे बघायला लागले. "काय झालं?"

"हरलात!" कुणीतरी ओरडलं.

त्यांनी पटाकडे पाहिलं. मग मला विचारलं, "शह म्हणालात?"

मी मान हलवली.

"मग गेला डाव," ते म्हणाले.

"गेला कसा?" मी उठलो. "बहिऱ्याचा कान काढून घेतलात, वर तोंडी शह! ही कसली परीक्षा?"

सेक्रेटरी म्हणाले, "शह पटावर दिसतो, काका. डोळे तर काढून घेतले नव्हते ना?"

तेही खरंच होतं. कानात चाली आल्या नाहीत म्हणून चुकले, की शह ऐकू आला नाही म्हणून? मला तेव्हा कळलं नाही, आजही कळलेलं नाही. पण कळत नसताना एखाद्याला चोर म्हणायचं, हे मला जमत नाही.

"हा डाव मी घेत नाही. आणि फायनलला बसत नाही."

"जिंकलेला माणूस भांडतो होय?"

"जिंकलो असतो तर भांडलो नसतो."

त्यांनी कंडक्टरांचं नाव खोडलंच. कंडक्टर रुमालातलं मशीन खिशात घालून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट काखेत मारून मी त्यांच्याकडे गेलो. दारातच विचारलं त्यांनी, "तक्रार राहिली का काही?"

"मशीन बघायला आलोय," मी सांगितलं.

त्यांनी ते कानातून काढून माझ्या कानात बसवलं. शेजारच्या घरातला कुकर, सुनेच्या बांगड्या, माझाच श्वास, सगळं एकदम अंगावर आलं.

"चाली ऐकू येतायत का काही?" ते म्हणाले, आणि त्यांचं त्यांनाच हसू आलं.

मी मशीन त्यांच्या हातावर ठेवलं, सोंगट्या मांडल्या आणि पांढऱ्या त्यांच्याकडे फिरवल्या.

"लावून बसू की काढून?" त्यांनी हातानेच खूण करून विचारलं.

मी माझ्या कानाला बोट लावलं. लावा.