भावजींचे नारिंगी बूट

आमचे भावजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, लिफ्टमन आहेत. उभा जन्म बसून काढलेला असा माणूस माझ्या पाहण्यात दुसरा नाही. स्टुलावर बसायचं, आत आलेल्याला विचारायचं, "बोला, कितवा?" बटण दाबायचं, आणि मजला आला की जाळीचं दार ओढून म्हणायचं, "या, आला तुमचा." त्याच इमारतीत, पाचव्या मजल्यावरच्या दातांच्या दवाखान्यात मी रिसेप्शनला बसते, त्यामुळे ही दोन वाक्यं मी झोपेतही म्हणून दाखवीन. शिवाय मी त्यांची एकुलती एक मेहुणी. त्यांची फिरकी घ्यायचा पहिला मान माझा.

तर या माणसाला परदेशाचं तिकीट आलं. माझी भाची तिकडे नोकरी करते. तिनं स्वतःच्या पैशांनी पहिलं घर भाड्यानं घेतलं आणि आईबाबांना बोलावलं. भावजींचे पाय जमिनीवर ठरेनात. लिफ्टमध्ये शिरणाऱ्याला आधी बातमी, मग मजला. सातव्यावरचे वकीलसाहेब त्या नादात दोनदा नवव्यावर उतरले.

मग एका रविवारी भाचीनं फोनवर घर दाखवलं. डोंगराच्या अंगावर वसलेलं जुनं गाव. गाडी खालच्या चौकापर्यंत येते, पुढे दगडी पायऱ्याच पायऱ्या, आणि हिचं घर पार टोकाला.

"बाबा, तुमच्या टाचा दुखतात, दम लागतो," ती म्हणाली. "तुम्ही आपले खाली हॉटेलात राहा. मी रोज येईन ना भेटायला."

भावजी "बरं, बरं" म्हणाले. फोन ठेवल्यावर मात्र त्यांचा चेहरा पार उतरला. "एवढा समुद्र ओलांडून जायचं, आणि पोरीचं घर खालून बघायचं?" ते म्हणाले. मला एवढं वाईट वाटलं की त्या दिवशी मी एकही टोमणा मारला नाही.

ताईनं त्यांना तपासायला नेलं. डॉक्टर म्हणाले, हृदय ठणठणीत आहे, मोडली आहे ती फक्त सवय. रोज जिने चढा, आणि पायात काहीतरी धड घाला. भावजी एका रात्रीत पुन्हा उड्या मारायला लागले.

बूट घ्यायला ताईनं त्यांना माझ्या हवाली केलं, कारण दुकानात ते तिचं ऐकत नाहीत आणि माझ्यापुढे त्यांची मात्रा चालत नाही. आम्ही संध्याकाळी गेलो. दुकानातली मुलगी हसून पुढे आली.

"काका, नंबर कितवा?"

भावजी गडबडले. आजवर हा प्रश्न त्यांनी लोकांना विचारला होता, त्यांना कोणी विचारला नव्हता. त्यांचं बोट आपोआप बटणासाठी वर गेलं आणि तोंडातून निघालं, "तुम्ही बोला!" मला इतकं हसू फुटलं की मी तिथल्या बाकावरच बसले.

त्यात ते जुने बूट काढायला तयार होईनात. मोज्याला भोक होतं आणि त्यातून अंगठा बाहेर डोकावत होता. मुलीनं न बघितल्यासारखं करून जाड मोजे आणून दिले आणि त्यांना उभं करून दोन्ही पायांचं माप घेतलं. "संध्याकाळी आलात ते बरं झालं," ती म्हणाली. "दिवसभरात पाय जरा फुगतो. आत्ता बसेल तो बूट प्रवासातही बसेल. आणि पुढे अंगठ्याएवढी जागा ठेवू या, म्हणजे उतरताना बोटं आपटणार नाहीत."

पहिला जोड इतका मऊ, की भावजी म्हणाले, "लोण्यात पाय घातल्यासारखं वाटतंय." मी म्हटलं, घ्या मग. पण त्यांनी मुलीला विचारलं, "तुमच्याकडे जिना आहे का?"

माळ्यावर दुकानाचं गोदाम होतं आणि वर जायला एक खडा लाकडी जिना. भावजी चढले. लोण्याचे बूट तिसऱ्याच पायरीवर टाचेतून निसटले. दुसरा जोड उतरताना बोटांना चावला. गिऱ्हाईकं आपली खरेदी सोडून यांचं चढणं-उतरणं बघायला लागली. तिसऱ्या जोडानं मात्र टाच घट्ट धरली आणि तळवा कुठे घसरला नाही. ते वर गेले, खाली आले, कोणी न सांगता परत वर गेले. "हाच!" वरूनच ओरडले.

फक्त त्यांच्या मापात तो एकाच रंगात होता, भडक नारिंगी.

"भावजी, वैमानिकाला धावपट्टी दिसली नाही तर हे दाखवा," मी म्हटलं.

गणवेशावर जन्मभर काळे बूट घातलेला माणूस बुटक्या आरशात वाकून वाकून बघत राहिला. "काळा चालला असता," ते हळूच म्हणाले. मग ताठ उभे राहिले. "पण चालायचं मला आहे. द्या हाच."

दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत सराव सुरू झाला. आणि जिन्यात जो भेटेल तो घाबरून एकच विचारी, "लिफ्ट बंद पडली का?"

"लिफ्ट चालू आहे," भावजी धापा टाकत सांगायचे, "आता मीही चालू झालोय."

"असं चारचौघांत कबूल करू नका," मी म्हटलं.

पण पहिल्या दिवशी ते दुसऱ्या मजल्यावरच पायरीवर बसले होते, घामाघूम. मी थट्टा केली खरी, आतून मात्र धसका घेतला. दुसऱ्या दिवशी तिसरा मजला. मग चौथा. आणि एका दुपारी दवाखान्याच्या काचेच्या दाराशी आधी नारिंगी बूट आले, मग लालबुंद भावजी. त्यांनी नुसती पाच बोटं दाखवली. मी खुर्चीवरून उठून टाळ्याच वाजवल्या!

मग ताई आणि भावजी विमानानं भाचीकडे गेले, आणि नेमका पेशंट खुर्चीत असताना माझा फोन वाजला. व्हिडिओ कॉल. पडद्यावर फक्त दगडी पायऱ्या आणि नारिंगी बूट. मागून ताईचा आवाज, "बघ गं, बघ!" बूट चढत होते, थांबत होते, परत चढत होते. डॉक्टरीणबाई हातमोज्यांसकट माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या. गालात कापूस घेतलेला पेशंटही आला.

वरून भाचीची हाक आली, "बाबा, थांबा, मी येते खाली!"

बूट थांबले. बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता. माझा जीव टांगणीला लागला.

"तू वरच थांब!" भावजी ओरडले. "मी येतोय!"

आणि बूट हलले. "ढा, काका, ढा!" पेशंट बधिर तोंडानं ओरडला. त्याला "चढा" म्हणायचं होतं.

मग निळं दार दिसलं आणि दारात भाची. भावजी पोचले, आणि सवयीनं बाजूला सरकले. जाळी ओढावी तसा हवेत हात केला आणि मागून येणाऱ्या ताईला म्हणाले, "या, आला तुमचा."

भाचीनं तोच हात धरला. "आपला, बाबा," ती म्हणाली आणि त्यांना पहिल्यांदा आत घेतलं.

ताईनं फोन कुठे टाकला कोण जाणे. त्यानंतर मला नुसतं छत दिसत होतं, आणि तिघंही एकदम बोलत होते.