डॉइलच्या हातची खोळ

डॉइल लेडबेटर आज पुन्हा पायी निघाला नसेल ना, ही एकच काळजी सकाळपासून केंड्राच्या मागे लागली होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, गुडघे कधीचेच गेलेले. मुलानं गाडीच्या किल्ल्या काढून घेतल्यापासून तो नाश्त्याला हमरस्त्याच्या कडेकडेनं चार मैल चालत जायचा. कोंबड्या भरलेले ट्रक त्या रस्त्यानं असे सुसाट जातात की कडेचं गवत आडवं होतं. मंगळवारी तिनं त्याला पाहिलं होतं. चालताना त्याचा उजवा हात सवयीनं पँटच्या खिशाशी जात होता आणि रिकामाच परत येत होता.

गाडी थांबवून 'बसा' एवढंच म्हणायचं होतं. तिनं ते म्हटलं नाही. वेग तेवढा कमी केला आणि पुढं निघून गेली. आरशात तो लहान लहान होत गेला, तो काही तिच्या डोळ्यांसमोरून हलेना.

डॉइल म्हणजे सीडर फोर्कमधलं चामड्याचं दुकान. पूर्व ओक्लाहोमातल्या त्या टेकड्यांमध्ये ज्याच्याकडे घोडा होता, त्याचं खोगीर एकदा तरी डॉइलच्या हाताखालून गेलेलं. दुकान बंद केलं तरी शिवण सुटली नव्हती. पट्टे, चाकूची म्यानं, पिस्तुलाच्या खोळी असं काही ना काही चालूच असायचं, आणि प्रत्येक वस्तूच्या कोपऱ्यात दोन टाके एकमेकांवर आडवे घातलेले. ती त्याची सही.

रविवारी तो बाप्टिस्ट चर्चच्या पूर्वेच्या दारात राखणीला उभा राहायचा. सव्वीस वर्षं. उजव्या खिशात तळहाताएवढं पिस्तूल, डाव्या खिशात पेपरमिंटच्या गोळ्या. आत येणाऱ्या प्रत्येकाला एक गोळी मिळायची.

"खिसे चुकू देऊ नका हं, ब्रदर डॉइल," ऑर्गन वाजवणाऱ्या मिस ओपल दर रविवारी म्हणायच्या. "एक दिवस माझ्या हातावर भलतंच ठेवाल."

"तुम्ही भजनाचं चौथं कडवं गाळलंत ना, तर मुद्दाम ठेवीन."

खिशात पिस्तूल असण्याचं त्या गावात कुणालाच काही वाटत नाही. गुरांच्या डॉक्टरकडे असतं, किराणावाल्याकडे असतं, आणि वाचायच्या चष्म्याइतकंच ते खिशात विसरलंही जातं. केंड्राला मात्र ते कधीच विसरता आलं नाही. ट्रॅव्हिसशी घटस्फोट झाल्यावर ती सहा वर्षांच्या मुलीला, टेसाला घेऊन खडीच्या रस्त्याच्या टोकाला राहायला आली. फोन केला तर पोलिसाला पोचायला चाळीस मिनिटं. मुळातच काळजीचा स्वभाव, त्यात हे एकटेपण. म्हणून डॉइलनं चर्चमागच्या कुरणात बायकांसाठी वर्ग घेतला, तेव्हा तिनं सगळ्यात आधी नाव दिलं.

सहा जणी होत्या. डॉइलचे नियम थोडे आणि पक्के. ज्या खिशात पिस्तूल, त्या खिशात दुसरं काहीही नाही. किल्ली नाही, केसांचा चाप नाही, कागदाचा कपटासुद्धा नाही. दर शनिवारी खिशातला कापसाचा भुगा झटकायचा. आणि शेवटच्या दिवशी, कान लाल करून:

"बायांनो, आता एक सांगतो आणि मग आपण कुणीच कुणाकडे बघायचं नाही. संडासात गेलात की हे कुठं ठेवाल?"

"टॉयलेट पेपरच्या डब्यावर," मिस ओपल म्हणाल्या.

"तिथंच सगळे ठेवतात, आणि तिथंच सगळे विसरतात. खिशातून निघण्याची भीती असेल तर उतरवलेल्या पँटच्या घोळात ठेवायचं. म्हणजे उचलल्याशिवाय पँट चढत नाही, आणि पँट चढवल्याशिवाय कुणी बाहेर पडत नाही. निदान आपल्या मंडळीत तरी."

"त्या मेथडिस्ट चर्चवाल्यांचं सांगता येत नाही," मिस ओपल म्हणाल्या, आणि कुरणातली गुरं दचकली एवढ्या मोठ्यानं सहा जणी हसल्या.

वर्ग संपल्यावर डॉइलनं तिला त्याच्या मेलेल्या बायकोचं, वांडाचं पिस्तूल दिलं. "ड्रॉवरमध्ये गंजण्यापेक्षा तुझ्याकडे राहू दे." तिच्या हाताचं माप घेऊन नवी खोळ शिवली, चामड्याची खरखरीत बाजू बाहेर, म्हणजे पिस्तूल ओढलं की खोळ खिशातच राहावी. कोपऱ्यात दोन आडवे टाके.

पिस्तूल दिसायला खेळण्यासारखं, पण उडवलं की अंगठ्याच्या बेचक्यात चावा घेतल्यासारखं झणझणायचं. बायकांच्या कपड्यांना खिसे कसले, बोटांची पेरंही बुडत नाहीत. केंड्रानं स्वतःच्या सगळ्या पँटींचे खिसे उसवून खोल केले. रविवारच्या निळ्या झग्यालाही एक शिवला. पिस्तूल आलं की काळजी जाईल असं तिला वाटलं होतं. काळजी गेली नाहीच; जुन्या काळज्यांच्या जोडीला एक नवी आली. आहे ना, सरकलं नाही ना, कपड्यातून आकार दिसत नाही ना. दिवसातून वीस वेळा हात तिथं जायचा. एकविसाव्या वेळी गेला नाही.

मार्चमधला रविवार होता. हॉलमागच्या बाथरूममध्ये ती गेली. ती एकच बाथरूम, सगळ्यांना मिळून. अंगावर निळा झगा. खाली बसताना खिसा वजनानं लोंबायला लागला, म्हणून तिनं पिस्तूल खोळीसकट काढलं आणि कागदाच्या डब्यावर ठेवलं. तेवढ्यात फोन थरथरला. ट्रॅव्हिसचा निरोप होता: 'वकिलाशी बोललोय. कोर्टाची तारीख मिळालीय. टेसा माझ्याकडेच राहणार.' दोन्ही हातांत फोन धरून, तेच तेच वाक्य वाचत ती बाहेर आली.

हॉलमध्ये कॉफी ओतून घेताना हात खिशाशी गेला. खिसा रिकामा. ती वळली, पण गार्लंड प्रुइट तोवर बोळातून येत होता. चर्चच्या राखणदारीचं सगळं तोच बघायचा. त्याच्या हातात भांडी पुसायचं फडकं, आणि फडक्यात ते. पावणेअकराला लहान मुलांना रांगेनं त्या बाथरूममध्ये नेतात. आज मिस ओपल दहा मिनिटं आधी तिथं गेल्या, म्हणून हे त्यांना दिसलं. रांगेत टेसा नेहमी पहिली असते.

"ब्रदर डॉइल, जरा इकडे या," गार्लंडनं फडकं उघडलं. "हे टाके सगळ्या जिल्ह्यात एकाच माणसाचे आहेत."

डॉइलनं खोळीवरून अंगठा फिरवला. मान वर केली. गार्लंडच्या खांद्यावरून त्याची नजर केंड्रावर आली, पापणी लवायच्या आत परत गेली.

"माझंच आहे," तो म्हणाला.

"अहो, पोरं जाणार होती आत!"

"ठाऊक आहे मला."

त्याचं स्वतःचं पिस्तूल उजव्या खिशात होतं, हे केंड्राला माहीत होतं. म्हणजे हे डाव्या खिशात जाणार. त्यानं आधी डाव्या खिशातल्या पेपरमिंटच्या गोळ्या मूठ मूठ करून बाहेर काढल्या आणि गार्लंडच्या ओंजळीत घातल्या. ज्या खिशात पिस्तूल, तिथं दुसरं काही नाही. गार्लंडला वाटलं, म्हातारा दार सोडतोय.

"बरोबर केलंत," तो मऊ आवाजात म्हणाला. "आता आत बसून प्रवचन ऐका. दार आम्ही बघू."

त्याच दुपारी केंड्रा डॉइलच्या घरी गेली, ट्रॅव्हिसचा निरोप त्याला दाखवला. "मी जाऊन सांगते त्यांना. आत्ताच्या आत्ता."

"कोर्टाची तारीख कधीची?"

"बावीस एप्रिल."

"मग तोवर तोंड शिवून बस. त्या वकिलाला एक वाक्य पुरेल, पोरगी जाईल हातची."

"आणि तुमचं नाव?"

"माझं नाव वापरून वापरून मऊ झालंय. एक ओरखडा चालतो त्याला. दार काय, कुणीही उघडतं." मग जरा थांबून तो म्हणाला, "पण हे पिस्तूल मी ठेवून घेतो. मन ठिकाणावर आलं की ये न्यायला." तो रागावला नव्हता. रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं.

बावीस एप्रिल आला आणि गेला. न्यायाधीशांनी टेसाला आईकडेच ठेवलं. संध्याकाळी गार्लंडला सांगायचं असं केंड्रानं ठरवलं होतं. संध्याकाळी वाटलं, निकालाची शाई तरी वाळू दे. पुढच्या आठवड्यात वाटलं, ट्रॅव्हिस पुन्हा कोर्टात जाऊ शकतो. त्याच्या पुढच्या आठवड्यात कारण शोधायचंही तिनं सोडलं. खाई त्याला खवखवे म्हणतात. चर्चमध्ये कुणी 'बिचारा डॉइल' म्हटलं की ती उठून रिकामे कप गोळा करायला लागायची.

गार्लंडनं वाईट हेतूनं काही केलं नाही. त्यानं डॉइलच्या मुलाला, कर्टिसला, शेजारच्या राज्यातल्या विचिटा शहरात फोन केला, आणि कर्टिस आला. भला माणूस. त्याला ओट्यावर एक करपलेलं पातेलं दिसलं, टपालाची दोन न फोडलेली पाकिटं दिसली. असली पाकिटं केंड्राच्या ओट्यावर पाच होती. पण शंका घेऊन आलेल्या डोळ्याला सगळ्याचीच साक्ष मिळते. तो गाडीच्या किल्ल्या घेऊन गेला, दोन्ही पिस्तुलं घेऊन गेला, आणि विचिटातल्या वृद्धांच्या निवासात खोली ठरवून आला. येत्या शनिवारी डॉइलला हलवायचं होतं.

आज गुरुवार. दुपारी केंड्रा घेवड्याची उसळ आणि मक्याची पावरोटी घेऊन त्याच्याकडे गेली. दाराशी खोकी रचलेली. प्रत्येकावर जाड काळ्या अक्षरात कर्टिसचं नाव आणि फोन नंबर. डॉइल खिडकीजवळ बसला होता. मांडीवर अर्धा शिवलेला पट्टा, सुई तशीच अडकलेली.

"आलीस? बस. खुर्च्या अजून आमच्याच आहेत."

"आज चालत गेला होतात?"

"गेलो होतो. कोंबड्यांनी ट्रकमधून नमस्कार केला."

ती हसली नाही. त्यानं डब्याचं झाकण उघडून वास घेतला आणि परत लावलं.

"कर्टिसनं डॉक्टरकडे नेलं होतं," तो म्हणाला. "म्हणाले, कागदावर घड्याळाचं चित्र काढा. काढलं. म्हणाले, तीन शब्द लक्षात ठेवा. सफरचंद, टेबल, नाणं. पाच मिनिटांनी विचारलं तर नाणं गायब."

"मलाही नसतं आठवलं."

"तुला कुणी विचारत नाही." तो पट्ट्यावरून बोट फिरवत राहिला. मग तिच्याकडे न बघता म्हणाला, "केंड्रा, एक खरं सांग. त्या बाथरूममध्ये... ते तूच ठेवलं होतंस ना?"

तिला आधी वाटलं, टोमणा मारतोय. मग तिनं त्याचा चेहरा बघितला. तो खरंच विचारत होता.

"सगळे एकच सांगतात. मीही मोठ्यानं तेच सांगितलं होतं. आणि काल दाढी करताना मला दिसलं ते, त्या डब्यावर ठेवताना. माझाच हात होता. बोटात माझी अंगठी होती. स्पष्ट दिसली."

"मी ठेवलं होतं," केंड्रा म्हणाली. "मी. ट्रॅव्हिसचा निरोप वाचत होते. तुम्ही तिकडे फिरकलाही नव्हता. तुम्ही दारात होता."

"दारात?"

"गोळ्या वाटत होता. मला दिलीत तेव्हा म्हणालात, झगा छान आहे, खिसा मात्र वाकडा शिवलाय."

डॉइलनं डोळे मिटले. ओठ हलले, जणू तो खिसा मनातल्या मनात उसवून बघत होता.

"वाकडा होता खरा," तो म्हणाला. "म्हणजे मी अजून मीच आहे."

"आहात."

"बरं झालं विचारलं." त्यानं सुई उचलली, एक टाका घातला. "हे आपल्यातच राहू दे हं. तुला पोरगी आहे."

बाहेर गाडीत येऊन ती बसली. सव्वातीनला टेसाला शाळेतून आणायचं होतं. अजून चाळीस मिनिटं होती. त्यानं तिला तोंड शिवायला सांगितलं होतं ते बावीस एप्रिलपर्यंत. त्यानंतरचे टाके तिचे तिनंच घातले होते. दार गेलं, गाडी गेली, आता घर जात होतं, आणि ती गप्प राहिली तर विचिटातल्या त्या खोलीत तो स्वतःवरही विश्वास ठेवायचं सोडेल. मग खरं काय ते सांगायला ती जवळ नसेल.

ट्रॅव्हिसच्या कानावर हे जाईल. दोन दिवसांत नाही तर आठवड्यात. वकील एका वाक्याचं पान करेल. टेसाच्या रिकाम्या खोलीचा विचार मनात आला, आणि तो तिनं बाजूला सारला नाही. तो तिथंच राहील, बोलतानाही राहील, हे तिला कळत होतं.

उघड्या दारातून सगळ्यात वरचं खोकं दिसत होतं. नंबर लांबूनही वाचता येत होता. तिचा हात उजव्या खिशाशी गेला. तिथं आता फोन असायचा. तिनं तो बाहेर काढला आणि कर्टिसला सांगायचं पहिलं वाक्य एकदा स्वतःशीच मोठ्यानं म्हणून पाहिलं: "ती खोळ तुमच्या वडिलांनी माझ्यासाठी शिवली होती."

मग खोक्यावरचा एकेक आकडा बघत तिनं नंबर दाबायला सुरुवात केली.