जाग्यावर चालणारी सायकल

उमावहिनींना सायकल येत नाय. आयुष्यात कधी टांग टाकली नाय त्यांनी. तरी आमच्या उस्मानपुऱ्यात कुणाला घरी ट्रेनर, म्हणजे जाग्यावर सायकल चालवायचा स्टँड, घ्यायचा असला की मी त्याला त्यांच्याकडंच पाठवतो. का, ते सांगतो.

त्यांचे यजमान वैजनाथराव म्हणजे माझे सायकलीवरचे जोडीदार. दर रविवारी आम्ही दोघं जालना रोडनं करमाडपर्यंत सायकल हाणायचो, तिथं चहा-भजी अन् परत. मग त्यांना कंपवात झाला. हात थरथरायला लागले, घरातल्या घरात पाय अडकायला लागले. थंडी पडली की अंग आणखीच आखडायचं. डॉक्टर म्हणाले, पायडल मारत राहा, पाय टिकतील. पण रस्त्यावर अजिबात जायचं नाही. म्हणजे हिवाळाभर घरात सायकल चालली तर माणूस चालता राहणार, नायतर खुर्चीला खिळणार.

मी म्हणलं, जिममधली सायकल आणा, झंझट खतम. वैजनाथराव माझ्यावरच बिघडले. "सांडू, ती सायकल नाही, पायडल लावलेली खुर्ची आहे. चालवीन तर माझीच." लई हट्टी माणूस. मग त्यांचीच सायकल घरात उभी करून चालवता येईल असा ट्रेनर घ्यायचं ठरलं. वहिनींनी सायकल टेम्पोत टाकली अन् मला घेऊन दुकान गाठलं.

दुकानदार हिमांशूनं आधी तीन नळकांड्यांचे रोलर दाखवले. वर सायकल मोकळीच चालवायची, कुठंच पकडलेली नाय. म्हणे, "यानं बॅलन्स सुधारतो, काकू." माझं डोकंच फिरलं. अरे बाबा, ज्याला धड उभं राहता येत नाय त्याला सर्कशीत पाठवतो का, असं मी म्हणणार तोच वहिनींनी मला गप्प केलं. मग त्यानं मागचं चाक काढून सायकल अडकवायचा, बिनआवाजाचा, भारीतला ट्रेनर काढला. वहिनी म्हणाल्या, "चाक काढलं तर यांना ती आपली सायकल वाटायची नाही." शेवटी रुंद पायांचा साधा ट्रेनर निघाला. मागचं चाक दोन्हीकडून पकडायचं, टायरला खालून रोलर टेकवायचा, झालं.

"यावर सायकल लावा. मी बसते," वहिनी म्हणाल्या.

पदर खोचून, स्टुलावर पाय देऊन त्या चढल्या अन् थरथरायला लागल्या. आधी उजवा हात, मग खांदा, मग गुडघा आतल्या बाजूला. हुबेहूब वैजनाथराव. मधेच सगळं अंग एका बाजूला झोकून दिलं. ट्रेनर जागचा हलला नाय. हिमांशूनं हातातला फोन खाली ठेवला. मला तर बघवेना. नवऱ्याचं दुखणं इतकं बारकाईनं बघितलेली बाई मी दुसरी बघितली नाय, अन् त्या क्षणाला मला त्यांचा लई अभिमान वाटला.

"हाच द्या," त्या उतरून म्हणाल्या.

नवी वस्तू म्हणल्यावर घरी पूजा आलीच. वहिनींनी तेलात कुंकू कालवून मागच्या टायरवर चांगलं ठसठशीत स्वस्तिक काढलं, नारळ फोडला. वैजनाथराव स्टुलावरून चढले, पायडल मारायला लागले अन् जरा वेळात पायडल एकदम पोकळ फिरायला लागलं. त्यांचा चेहरा पडला.

"संपलं. पायात जोरच राहिला नाही," म्हणत ते उतरले अन् भिंतीकडं तोंड करून बसले.

मी वाकून रोलरवरनं बोट फिरवलं. बोट लालभडक. "पायांना काय धाड भरलीय तुमच्या? तेलावरनं टायर घसरतोय," मी खेकसलो.

वहिनींनी कपाळावर हात मारला. भांड्याचा साबण आणून टायर घासला, रोलर घासला, दोन्ही कोरडे केले. तरी वैजनाथराव उठेनात. "माझ्या चुकीची शिक्षा पायांना नका देऊ," एवढंच त्या म्हणाल्या.

ते परत चढले. या वेळी टायरनं रोलर धरला. पाय आधी अडखळले, मग लयीला लागले. घाम निथळायला लागला तरी माणूस थांबेना. दिवसभराच्या दगदगीनं वहिनी तिथंच फरशीवर टेकल्या होत्या.

वैजनाथराव उतरले तेव्हा मी हात पुढं केला, तो त्यांनी बाजूला सारला. भिंत न धरता स्वयंपाकघरात गेले अन् बायकोसाठी पाण्याचा पेला घेऊन आले. निम्मं पाणी वाटेतच सांडलं. उरलेलं वहिनी प्यायल्या. डोळे पुसले अन् रिकामा पेला परत त्यांच्याच हातात दिला.

"अजून आणा," म्हणाल्या.