अडचण आली

आमच्या पोशीरच्या घरात पाळीला पाळी म्हणत नाहीत, अडचण म्हणतात. ती आली की देवापाशी जायचं नाही, लोणच्याला हात लावायचा नाही, कुणाला शिवायचं नाही. नवी सून असताना मी यावरून सासूबाईंशी कडाकडा भांडायचे. मग लग्नाला वर्ष होतं न होतं तोच माझी अडचणच बंद झाली.

सासूबाईंनी अर्थातच भलता अर्थ घेतला. काय खावंसं वाटतं, विचारायला लागल्या. दिवस गेलेले नाहीत हे पटवून देताना माझ्या नाकी नऊ आले.

खरं कारण कर्जतच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. मला तेव्हा शर्यतींत पळायचा नाद लागला होता. पहाटे भिवपुरीच्या दिशेनं पळत सुटायचे आणि भातशेतीवाल्या घरात भात सोडून काकडी चघळत बसायचे. तपासण्या करून त्या म्हणाल्या, "बाकी सगळं ठीक आहे, शरीर उपाशी आहे. पळणं थांबवा, पोटभर जेवा. पाळी परत आली की मूल व्हायलाही अडचण नाही." आम्हा दोघांना मूल हवं होतं. मी घाबरले, म्हणूनच ऐकलं.

सासूबाईंना तर रानच मोकळं मिळालं. "भात खाल्ल्याबिगर अंगात रगत येल कुठनं गं?" म्हणत वाढतच राहायच्या. ड्रेस आवळायला लागले तेव्हा मी रडले, आणि रडत रडत भात खाल्ला. पुढे तो आवडायलाच लागला. गार हातपाय ऊबदार झाले, केस गळायचे थांबले. चिडचिडही कमी झाली, असं नवरा म्हणतो. अडचण मात्र येईना.

आली ती नेमकी गौरीजेवणाच्या दिवशी. ओटीवर बायका बसलेल्या. मी न्हाणीतून बाहेर येऊन ओरडले, "आई, अडचण आली!" असलं आमच्याकडे कानात सांगतात.

लेक झाली ती नंतरची गोष्ट, पण मला खरा आनंद झाला तो त्या दिवशी.

सासूबाई डोक्यावरून आंघोळ करून नैवेद्याला लागल्या होत्या. तशाच धावत आल्या आणि मला गच्च मिठी मारली.

"अगं, शिवलीस ना तिला!" चुलतसासूबाई किंचाळल्या.

"शिवली तर शिवली. आंगोळ काय, परत करीन."

आणि केलीही, अगदी सावकाश. गौर त्या दिवशी जरा उशिरा जेवली.